बदकांचा पाव

माझा भाऊ कुंडलिक सोलापुरात हायस्कुलाला मास्तर हाय. त्याच्या घरात पावाचा तुकडा कुणी टाकला, तर मास्तर उठून त्यो तुकडा उचलतो आन् वाळवून डब्यात घालतो. त्याची बायको मला म्हणती, वन्सं, फॉरेनला जाऊन आलं माणूस, ही कसली भिकारी खोड. एकदा मी तिला चांगलंच झाडलं. म्हटलं, बाई, न्हाय ठावं तर इचारावं, उगं तोंड वाकडं करू नये. मग बसवलं तिला आन् सांगितलं.

बहात्तर साल व्हतं. पावसानं पाठ फिरवलेली. आमी मंद्रूपची माणसं, ज्वारीवर वाढलेली. त्या साली घरात ज्वारीचा दाणा नव्हता. सरकारी दुकानात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकर तव्यावरच फाटायची आन् घशाखाली उतरायची न्हाय. बाप आमचा कवाच गेलेला. आई, मथुराबाई, रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी वच्छला, थोरली. कुंडलिक माझ्या पाठचा, सोलापुरात बोर्डिंगात ऱ्हाऊन मॅट्रिक झालेला, इंग्रजीत भाषण ठोकणारा. शहरातल्या एका क्लबानं त्याला निवडला आन् वरीसभरासाठी हॉलंडला धाडायचं ठरवलं. तितं एका कुटुंबात ऱ्हायचं, तितल्या शाळंत जायचं, भाडंतोडं समदं क्लबाचं.

निघायच्या आदी क्लबातल्या एका सायबांनी त्याला बजावलं, तितं दुष्काळाचं नाव काढायचं न्हाय, देशाची अब्रू तुझ्या हातात हाय. आता सतरा वर्षाच्या पोराच्या हातात कसली अब्रू देता? तुमच्या स्वतःच्या हातात काय व्हतं मग? पण आमचं येडं, त्यानं त्ये मनावर घेतलं. त्यो विमानात बसला आन् पुढच्याच आठवड्यात मीबी खडीची पाटी उचलून आईच्या मागं कामावर गेले. त्याला कळवायचं न्हाय, असं आईनं सांगितलं व्हतं.

तितलं मला त्यानं मागनं, थोडंथोडं करून सांगितलं. घर चांगलं, माणसं चांगली. घरधनीण आन्नीबाई, नवरा दूध डेअरीत, दोन लहान पोरी. आन्नीबाई म्हणाली, मला आन्नीच म्हण. आईच्या वयाच्या बाईला नावानं कशी हाक मारावी? त्यानं कितीतरी म्हयने तिला हाकच मारली न्हाय, पुढ्यात जाऊन उभा ऱ्हायचा. खिडक्यांना पडदे असून वढायचे न्हाईत, रस्त्यावरनं जाणाऱ्याला तुमच्या ताटातलं दिसावं. चहाबरूबर एक बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद. शिजलेलं जेवण दिवसाकाठी एकदाच, सांजच्याला. दुपारी नुसता पाव. साबणाच्या पाण्यात भांडी बुडवायची आन् न खळबळता तशीच पुसायची; पयल्या दिशी त्याला त्या ताटात जेवण जाईना.

आन् पाणी. तितं जिमीन खाली, दर्या वर. शेतात पाणी साचतं म्हणून रातंदिस यंत्रं लावून उपसून फेकत्यात. त्यो त्या यंत्रापाशी जाऊन उभा ऱ्हायला. हितं आई घागरभर पाण्यासाठी रांगेत भांडणं करतीया आन् तितं पाणी नको म्हणून फेकत्यात. बरं, कुणाला सांगायची सोय न्हाय. सायबाची अब्रू.

घरात शिळा पाव उरला, की पोरी त्यो पिशवीत भरून कालव्यावर न्यायच्या, बदकांना घालायला. चांगला पाव, फकस्त कालचा. एकदा कुंडलिक त्यांच्यासंगं गेला आन् बघत ऱ्हायला. दुसऱ्या दिवसापास्नं म्हणाला, मी जातो, मला बदकं आवडत्यात. आन्नीबाईला कौतुक वाटलं. ह्यो जायचा कालव्यापतूर, कोटाच्या खिशात पाव कोंबायचा आन् रिकामी पिशवी हलवत माघारी यायचा. त्याच्या खोलीत भिंतीला गरम पाण्याची लोखंडी जाळी व्हती, घर ऊबदार ऱ्हावं म्हणून. तिच्यावर पावाच्या चकत्या वाळत घालायच्या, कडक झाल्या की ट्रंकंत रचायच्या. आपली कडक भाकरी दोन-दोन म्हयने टिकती की न्हाय? तसं. आईला न्यायचं ठरवलं व्हतं त्यानं. नुसता बदकांचा असता तर चाललं असतं, पर शाळंत खायाला दिलेल्या चार चकत्यांतल्या दोन सुद्धा ट्रंकंत जायाला लागल्या.

थंडी सरता सरता शाळंतल्या नर्सबाईनं वजन केलं, त्ये घटलेलं. आन्नीबाईच्या जिवाला घोर लागला. एक दिवस धुतलेले कपडे ठेवायला तिनं ट्रंक उघडली. कपडे वरच्या वर, खाली ट्रंकभर वाळका पाव. तिला वाटलं, पोराला आमच्या घरचं जेवण पुरत न्हाय, भीतीनं साठवतोय. तिथल्या क्लबाचा माणूस बोलावला. त्यो म्हणाला, उंदरं व्हतील, ह्ये टाक, न्हायतर तुला माघारी पाठवावं लागंल. कुंडलिक दोन दिस ट्रंकंवर बसून ऱ्हायला. पाव टाकला तर आईला काय न्यायचं, आन् खरं बोललं तर सायबानं सांगितलेलं मोडायचं.

तिसऱ्या दिवशी आन्नीबाईनं खोलीत येऊन दार लावलं आन् त्याच्यासमोर खाली बसली. तवा त्याच्या तोंडातनं निघालं.

"माझी आई खडी फोडती. घरात खायाला न्हाय. ह्यो पाव तिचा हाय."

 त्ये ऐकून आन्नीबाईनं सांगितलं, दुसऱ्या म्हायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ती धा वर्साची व्हती. शहरात अन्न संपलं, तवा तिच्या आईनं फुलझाडांचे कांदे उकडून पोरांना घातले. आई स्वतः खात नव्हती. त्ये आमाला मागनं कळलं, म्हणाली. मग उठून क्लबाच्या माणसाला सांगितलं, पाव हितंच ऱ्हाणार. कुंडलिकला म्हणाली, पर तुझ्या ताटातलं तू माझ्यासमोर खायचं. तुझ्या आईचा पाव मी भाजीन. तवापास्नं ती भट्टीत चकत्या भाजून ट्रंकंत भरायला लागली. त्यानं तिला पयल्यांदा हाक मारली ती त्या दिवशी, आन् ती नावानं न्हाय मारली.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात एसटीनं त्यो मंद्रूपला उतरला. ट्रंक बघून निम्मं गाव आमच्या दारात. कुणाला वाटलं ट्रान्झिस्टर आणलाय, कुणाला घड्याळ. कुंडलिकनं झाकण उघडलं, आन् पाव. कोंडीबा चुलता हसून हसून बेजार, म्हणाला, दर्यापल्याड जाऊन पोरगं वाळका पाव घेऊन आलं. लोकं हसत हसत पांगली. मी त्या कोंडीबाला त्या दिवसापास्नं चहा इचारलेला न्हाय.

आई हसली न्हाय. तिनं ट्रंकंत हात घातला, एक चकती उचलली, उलटीपालटी केली.

"ह्ये समदं तुझ्या ताटातलं व्हय रं?"

त्यो सांगत ऱ्हायला, न्हाय आई, मी जेवत व्हतो, ह्ये तितल्या आईनं भाजून दिलंय, तुझ्यासाठी दिलंय. तिला पटंना. तिनं चकती त्याच्या हातात दिली, आदी तू खा. त्यानं खाल्ली. दुसरी दिली. तीबी खाल्ली. तिसऱ्या चकतीला त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, तरी ती देतच व्हती. ज्या पोरानं वरीसभर पाव राखला, त्यालाच ती त्यो चारत व्हती आन् सोता कणबी तोंडात घालत नव्हती. मला ऱ्हावलं न्हाय. मी म्हटलं, आता पुरे करा दोघंबी, आन् चकती पाण्यात बुडवून आईच्या तोंडात कोंबली. तिनं चावली. गिळली. मग ट्रंकंतली एक चकती काढून माझ्याकडं केली आन् कुंडलिकला म्हणाली,

"हिला दे आदी. वरीसभर माझ्या वाटची पाटी बी हिनंच उचललीया."

कुंडलिकनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. घट्टे लपवायला मला पदर सापडंना. त्यानं तितं आन्नीबाईला आईचं सांगितलं व्हतं, माझं न्हाय; त्याला ठावंच नव्हतं तर सांगणार काय? तरी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यानं आईच्या हातातली चकती घेतली, पाण्यात भिजवली आन् माझ्यापुढं धरली. 

आळणी व्हता पाव. मी खाल्ला.