चायनीजवाली खुर्शीदा

दुर्गापूरच्या नाक्यावर खुर्शीदाने 'चायनीज अ‍ॅक्युपंक्चर आणि कपिंग' असा बोर्ड लावला, तेव्हा आत आलेल्या पहिल्या माणसाने हाफ प्लेट नूडल्स मागितल्या. दुसऱ्याने मंचुरियन आहे का विचारलं. खुर्शीदा एरवी हसरी बाई, पण त्या बोर्डाच्या बाबतीत तिला थट्टा खपत नसे. त्या बोर्डाखाली तिने आपल्या बापाला झाकून ठेवलं होतं.

बाप गुलाम रसूल. कोरपन्याच्या बाजारात तो तुंबडी लावायचा. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया, गुडघे आखडलेले म्हातारे त्याच्यापुढे गोणपाटावर बसत. दुखऱ्या जागी पोकळ शिंग टेकवायचं, वरच्या भोकातून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बुजवायचं, एवढाच त्याचा दवाखाना. दुखणं उतरलं की लोक म्हणत, रसूलच्या हाताला गुण आहे. पण गुणाची गरज संपली की तोच रसूल लोकांची कातडी चोखणारा होई. शाळेत पोरं खुर्शीदाला नावाने हाक मारतच नसत, 'ए तुंबडी' म्हणत. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण तिने पुस्तकात वाचायच्या आधी अंगणात पाहिली होती.

लग्न होऊन ती दुर्गापूरला आली. नवरा जाहिद वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर. घरात बसून जीव रमेना म्हणून ती नागपूरला एका वर्गाला जाऊ लागली. बारीक सुया कुठे, किती खोल टोचायच्या हे तिथे शिकवत. एके दिवशी मास्तरांनी काचेचा पेला काढला, आत जाळ फिरवला आणि एकाच्या पाठीवर उपडा घातला. कातडी फुगून पेल्यात वर चढली. सगळा वर्ग तोंडात बोट घालून पाहत राहिला. खुर्शीदा तेवढी मान खाली घालून बसली. अब्बाचं शिंग काचेचं झालं होतं आणि चीनहून येताना इज्जत घेऊन आलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, जाहिदला सोडून.

धंदा बरा चालला. पलीकडे ऊर्जानगरच्या क्वार्टरांत तरण्या पोरींची कमी नव्हती, आणि त्यांच्या तोंडावर मुरमांची कमी नव्हती. आया खापर वीज केंद्राच्या राखेवर फोडत. वाळत घातलेल्या कपड्यावर राख बसते तशी पोरीच्या गालावर बसते, असं त्यांचं शास्त्र. खुर्शीदा वाद घालत नसे. अंगठ्याच्या बेचक्यात, गुडघ्याखाली, हनुवटीजवळ ती सुया लावी, कानाच्या पाळीवर मोहरीएवढे दाणे चिकटपट्टीने बसवी, आणि पाठीवर पेले. वर सांगे, "डाक्टरची गोळी बंद करू नका. झोपत जा. तोंडाले नखं लावू नका." सुयांनी मुरूम जातात, की पोरी अर्धा तास मोबाइल सोडून निजतात म्हणून जातात, की वय सरतं म्हणून जातात, हे तिला तरी कुठे पक्कं माहीत होतं? काहींचे जात, काहींचे जात नसत. पण पोरी तिला 'मॅडम' म्हणत. त्या एका शब्दासाठी ती दिवसभर उभी राहायला तयार होती.

दिव्यानी अशीच आली. बाप गुणवंतराव वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला, आई कमळाबाई. पोरीचं तोंड इतकं भरलेलं की ती ओढणी नाकावरून खाली घेत नसे. दोन ठिकाणची पाहुणे मंडळी पोहे खाऊन गेली ती परत आलीच नाहीत. कमळाबाई पोरीला घेऊन येई ती दुपारच्या सामसुमीत. बाहेर चपलासुद्धा ठेवत नसे, हातात घेऊन आत येई. "आपा, कोनाले सांगजा नोका," हे तिचं पहिलं वाक्य आणि तेच शेवटचं. ईदेला मात्र ती खुर्शीदाकडून डबा भरून शिरखुर्मा घेऊन जाई आणि वर म्हणे, "तुमी मले बहिणीसारख्या." खुर्शीदाला ते खरं वाटे. माणसाला खरं वाटावंसं वाटतं तेच खरं वाटतं, दुसरं काय!

वर्ष उलटता उलटता दिव्यानीचा चेहरा निवळला. तिचे फोटो गेले आणि आरमोरीकडचं स्थळ आलं. मुलगा रोशन, घरची धानाची शेती, स्वतः बँकेत. सोयरीक जमली. बोलणी चालली असता मुलाच्या मावशीने, नीलिमाबाईने विचारलं होतं, "पोरीचं तोंड असंच आहे, का काही लावते?" कमळाबाई ठसक्यात म्हणाली होती, "अवो, आमची पोरगी कधी बजारातली क्रीम बी लावत नाई. जन्माचीच तशी आहे."

लग्न तोंडावर आलं आणि दिव्यानीच्या हनुवटीवर एक टपोरा मुरूम उठला. कमळाबाई धापा टाकत आली. "आपा, काही बी करा, पन हे घालवा." खुर्शीदाने सुया लावल्या. पेले नकोत म्हणाली, कारण पेल्याचे डाग जांभळे उठतात आणि लवकर जात नाहीत. कमळाबाई ऐकेना. मागे पेले लावल्यावरच गुण आला होता, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "पाठ कोन पाह्यते जी? पोलकं बंद पाठीचं शिवलं आहे." खुर्शीदाने विचार केला. शालूवर पोलकं, फोटोत तोंड, पाठ झाकलेली. तिच्या घरच्या रिवाजात नवरीला उटणं लावतात ते घरच्याच बाया, पडद्याआड. तिने पेले लावले.

दोघी बाया, दोघींनी सगळं मोजून पाहिलं आणि दोघीही एक गोष्ट विसरल्या. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बाया येतात आणि नवरीला आपल्या हाताने चोळतात, तोंडाला, हाताला, पाठीला. खुर्शीदाला हे ठाऊक नव्हतं. कमळाबाईने जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना अशी हळद लावली होती, पण तिला पोरीच्या हनुवटीपलीकडे काही दिसतच नव्हतं.

हळदीला खुर्शीदाला बोलावणं नव्हतं. "तुमी आल्या तं कोनी वळखीन," कमळाबाई म्हणाली होती. खुर्शीदा घरी तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. गुणवंतराव. तोंडावर रंग नाही. "बाई, चला. तेच्याकडच्या बायांनी पाठ पाह्यली. तापल्या लोखंडाचे डाग देल्ले म्हनतेत. पोरीले मिरगी येते, म्हनून डाग देऊन आनली म्हनतेत. नीलिमाबाई हळदीचं ताट घेऊन वापस निंगाली आहे. तुमीच सांगा आता."

जाहिद म्हणाला, "नको जाऊ. कामापुरती आठवण होते यांना." खुर्शीदा गेली. खरं सांगायचं तर तिला बरंसुद्धा वाटलं. आज कुणीतरी तिला समोरच्या दाराने बोलावत होतं, आणि तिच्या एका शब्दाने पोरीचं लग्न वाचणार होतं.

मांडवात पिवळ्या साडीत दिव्यानी पाटावर बसलेली. पाठ उघडी, त्यावर जांभळी वर्तुळं, आणि भोवती बायांचा वेढा. पोर रडत होती, पण कुणी तिच्या पाठीवर पदर ओढला नव्हता. खुर्शीदाने आधी तो ओढला. मग म्हणाली, "हे जळल्याचे डाग नाई जी. हे पेल्याचे डाग आहे. कपिंग म्हणतेत. मीच लावले. मिरगी-बिरगी काही नाई पोरीले. मुरमासाठी लावतो आपण."

नीलिमाबाईच्या कपाळाची आठी थोडी सैल झाली आणि लगेच दुप्पट आवळली. "मुरमासाठी? म्हंजे पोरीले मुरमं होते?" ती कमळाबाईकडे वळली. "तुमी तं सांगतलं, जन्माचीच तशी आहे. अजून काय काय लपवलं?"

कमळाबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग बोट खुर्शीदाकडे गेलं. "कायचे मुरमं! हे बाई शिकून राह्यली आहे. हात बसवाले पोरी पाह्यजे हिले. आमची पोरगी भोळी, डोकं दुखते म्हनून गेली, तं हिनं पाठीवर प्रयोग केला. आमाले मालूमच नाई."

खुर्शीदा पाहतच राहिली. बहिणीसारखी म्हणणारी बाई इतकं सफाईने खोटं बोलते! किती दुपारी ही बाई हातात चपला घेऊन आली, ते सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य पुरेसं होतं. त्या वाक्याने तिचं नाव राहिलं असतं आणि ताट परत गेलं असतं.

दिव्यानीने तोंड वर केलं. खुर्शीदाकडे पाहिलं. हळदीने माखलेल्या तोंडात दोन डोळे, आणि त्यांत नुसती भीक.

"हो," खुर्शीदा म्हणाली. "चूक माझीच. शिकत होतो, पोरीवर करून पाह्यलं. हिच्या तोंडाले कधी काही नव्हतं."

कोरपन्याकडची एक पाहुणी म्हणाली, "मले वाटलंच. हिचा बाप कोरपन्याले तुंबड्या लावे." मग काय, सगळ्यांनाच आधीपासून वाटत होतं असं निघालं. नीलिमाबाईने ताट खाली ठेवलं आणि हळद पुन्हा सुरू झाली. खुर्शीदा मांडवाबाहेर आली तर गुणवंतराव मोटरसायकलजवळ उभे होते. ते चप्पल शोधायला वाकले आणि खुर्शीदा दिसेनाशी होईपर्यंत वाकलेलेच राहिले. ती पायी घरी गेली.

लग्न थाटात झालं. दवाखाना बसला. पोरींवर प्रयोग करणारी बाई म्हटल्यावर कोण पोर पाठवणार? उलट आया जाब विचारायला आल्या, आमच्या पोरीवर काय काय करून पाहिलं म्हणून. त्यांच्या पुढे कमळाबाई होती आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. खोटं एकदा बोललं की त्याला रोज चारा घालावा लागतो. ती बिचारी घालत होती. घरमालकाने खोली मागितली. खुर्शीदाने बोर्ड काढला. जाहिद चिडून म्हणाला, "खरं सांगून टाक ना आता! लग्न तर झालं." ती म्हणाली, "सासर आहे पोरीचं. खोटी निघाली तर तिला जगू देतील?" दिव्यानीला तरी ठाऊक आहे, एवढ्यावर ती दिवस काढत होती. साऱ्या दुर्गापुरात एका माणसाला खरं माहीत असलं तरी तिला चालण्यासारखं होतं.

दिवाळीला दिव्यानी माहेरी आली. बाजारात भाजीच्या रांगेत खुर्शीदाला ती दिसली, सोबत रोशन. तोंड पुन्हा भरलेलं, पहिल्यापेक्षाही वाईट. खुर्शीदाचा जीव कळवळला. आपण कोण नि कुठे, हे विसरून तिने तिचा हात धरला, "बेटा, डाक्टरले दाखवलं का?"

रोशनने विचारलं, "ह्याच का त्या?"

"ह्याच," दिव्यानी हात सोडवत म्हणाली. "माझं तोंड कसं साफ होतं तुमी पाह्यलं होतं ना? हिच्या सुयांनी सत्यानाश केला."

खुर्शीदाने तिच्या डोळ्यांत पाहिलं. नवऱ्यासमोर बोलावं लागतं पोरीला, हे तिला समजत होतं. रोशन वळून भाव करू लागला, तेव्हा ती दिव्यानीच्या जवळ सरकली आणि हलकेच म्हणाली, "मले मालूम आहे, तुले असं बोलावं लागते."

"काय बोलावं लागते?" दिव्यानी म्हणाली. "तुमीच तं सांगतलं होतं त्या दिवशी सगळ्यांसमोर. माझ्या तोंडाले आधी कधी काही नव्हतं."