अण्णांना कळलेली बदली

कुणावर हात टाकण्याआधी अण्णा मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचे. "धर जरा." बस्स, एवढंच. घड्याळ हातात आलेला माणूस गुमान मागं सरकायचा, कारण पुढं काय होणार ते एपीएमसी मार्केटात सगळ्यांना ठाऊक होतं. मापात मारणारा व्यापारी, हमालाला आईवरून शिवी देणारा ट्रक ड्रायव्हर, आमच्या जुईनगरच्या सोसायटीत रात्री पाण्याला मोटर लावणारा तो पहिल्या मजल्यावरचा, सगळ्यांनी अण्णांचा हात चाखलेला. "तोंडानं सांगितल्यालं कानात ऱ्हातं, हातानं सांगितल्यालं ध्यानात ऱ्हातं," असं त्यांचं म्हणणं. ते गेले त्याला आता वर्ष होईल. तरी भांडणाचा आवाज आला की मी अजून आधी लोकांच्या मनगटाकडे बघते.

अण्णा माझे सख्खे चुलते. साताऱ्याकडून येऊन माथाडीत लागले, पोती वाहून वाहून मान खांद्यात रुतली. माझे वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर माझं सगळं अण्णांनीच बघितलं, आणि बघितलं म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. माझ्या मागे शिट्टी मारणाऱ्या एका पोराला त्यांनी स्टेशनबाहेर असा तुडवला की त्याची आई आमच्या दारात येऊन रडली. बायका आईला म्हणायच्या, नशीब काढलं हो पोरीनं! डोंबलाचं नशीब. त्यानंतर एक मुलगा माझ्याशी बोलेल तर शपथ. वर्गात नोट्स मागायच्या तरी पंचाईत.

पहिल्या वर्षाला मी जवळच्याच कॉलेजात होते. दिल्लीकडचं एक मोठं विद्यापीठ दुसऱ्या वर्षाला बाहेरची मोजकी मुलं घेतं, तिथं ट्रान्स्फरसाठी मी अर्ज करत होते. संधी एकदाच. दुसरं वर्ष सुरू झालं की दार बंद. माझी तयारी झाली होती, फक्त शिकवणाऱ्या प्राध्यापकाची शिफारस हवी होती. अर्थशास्त्राचे नाईक सर कधी कुणाचं कौतुक करायचे नाहीत, पण मला म्हणाले, "जा इथून. इथं राहिलीस तर सडशील. मी लिहितो."

घोळ झाला तो आईच्या तोंडून. ट्रान्स्फर हा शब्द तिला परका, म्हणून तिनं अण्णांना फोनवर सोप्या मराठीत सांगितलं, "पोरीची बदली व्हायचीय कॉलेजातून. नाईक सरांच्या हातात हाय सगळं."

आता मार्केटात बदली म्हणजे काय, ते आईच्या लक्षातच आलं नाही. मुकादमाला उलटून बोललं की बदली. अण्णांनाही तरुणपणी एकदा कांद्यावरून मिरचीच्या गाळ्यावर टाकलं होतं, खोकून खोकून जीव जायची वेळ आली होती. बदली ही शिक्षा, आणि ती कुणीतरी डूख धरून करतं, एवढंच त्यांना माहीत.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये होते, ओरडा ऐकून धावत गेले. स्टाफरूमच्या दारात शिपाई अण्णांचं घड्याळ धरून उभा. आत नाईक सर जमिनीवर, ओठ फाटलेला, चष्म्याचा चुरा. अण्णांनी त्यांची कॉलर पिळली होती. "बाप न्हाई म्हनून पोरीची बदली करतोस व्हय रं?"

"अण्णा, सोडा त्यांना! बदली मीच मागितलीय!"

त्यांचा हात तसाच वर राहिला. खरोखर गोंधळून त्यांनी मला विचारलं, "बदली कुनी मागून घेतं व्हय?"

सरांच्या ओठाला टाके पडले. त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण शिफारस लिहायची राहिली. बाकीचे प्राध्यापक तर मी समोरून आले की जिना बदलायचे. शेवटची तारीख तोंडावर आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "चल, मी घातलाय घोळ, मीच निस्तरतो."

ऐरोलीला सरांच्या घरी गेलो, त्यांनी दार उघडलं आणि अण्णांना बघून चौकटच धरली. अण्णांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. आणि मग ते स्वतःच्याच थोबाडीत मारायला लागले. एक, दुसरी, तिसरी, त्याच पोती उचलणाऱ्या हातानं, नाकातून रक्त येईस्तोवर. "तुमी बी मारा, सर. फेडून घ्या. पन पोरीचं लिवा."

सरांनी त्यांचं मनगट पकडलं. "पुरे करा हो!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी लायकी आहे, बाळा. पण आता मी लिहिलं तर ते मार खाऊन लिहिलेलं असेल. तसलं मी लिहिणार नाही." दार बंद झालं. विद्यापीठाचं दारही तिथंच बंद झालं.

रस्त्यावर आल्यावर अण्णा म्हणाले, "दुसरा मास्तर बघू." माझ्या डोक्यात सणक गेली. वाटोळं केलंत माझं, असं ओरडत मी त्यांच्या खाडकन कानफटात दिली. आमच्या घरात चुलत्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. भर रस्त्यात माणसं थांबली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. खोटं कशाला बोलू?

अण्णा जागचे हलले नाहीत. नाकाचं रक्त बाहीला पुसलं, माझा हात हातात घेतला आणि तळवा उलटून बघितला. लालबुंद झाला होता.

"लई जोरात मारलीस गं," ते म्हणाले. "दुखला न्हवं हात?"