परातीवरचा रिकामा डबा

लोणावळ्याच्या कॉलेजात मी मुलींचे डबे घासायची. भुशीकडून पायी येणारी एक मुलगी होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दुपारी सगळ्याजणी आपापले डबे एका परातीत ओतून मिळून जेवायच्या. तीही झाकण जरासं उघडून डबा परातीवर धरायची. तो रोज रिकामाच असायचा, हे घासताना मला कळायचं; आत ना खरकटं, ना तेलाचा डाग.

गरिबीनं माझी शाळा चौथीतच सुटली होती. ती मात्र शिकत होती, म्हणून मी जळायची. एकदा सगळ्यांदेखत मुद्दाम विचारलं, "आज काय आनलंस गं डब्यात?"

तिची मान खाली गेली.

शेजारची पटकन म्हणाली, "मावशी, तिची भाकरी मी आल्याआल्याच खाल्ली!"

"आणि मला तुकडाच दिला," दुसरी कुरकुरली.

माझ्यासाठी असं खोटं कुणीच बोललं नव्हतं.