गंजीवरची उडी

प्रणाली सीए झाली तेव्हा रामाकोन्यातल्या अर्ध्या नातेवाइकांना वाटलं, आता आपल्याला टॅक्स भरावा लागणार नाही. उरलेल्या अर्ध्यांना वाटलं, आजवर भरलेलाही परत मिळेल. दोघांचीही निराशा झाली. पण तिच्यावर रागावता कोणालाच आलं नाही, कारण ती कधी नाही म्हणतच नसे. एका किराणा दुकानदाराने घरच्या म्हशीला घातलेली सरकीची ढेप दुकानाच्या खर्चात दाखवली, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "चालते ना भाऊ. फक्त म्हैस दुकानात काय काम करते, तेवढं लिहून द्या." दुकानदाराने जरा विचार केला आणि ढेपेची बिलं खिशात घालून तो निघून गेला.

पांढुर्ण्यात एका मेडिकलच्या वर खोली भाड्याने घेऊन तिने ऑफिस थाटलं होतं. बारीकसारीक कामं पुष्कळ, पण मोठा क्लायंट एकच: भगवंतराव जिनिंगवाले. त्यांच्या ऑडिटच्या फीतून खोलीचं वर्षाचं भाडं निघे. शिवाय ते तिच्या वडिलांचे जुने स्नेही. "आपल्याच पोरीले काम द्या लागते," असं ते चारचौघांत म्हणत. आपली पोर म्हणजे आपलंच ऐकणार, हे मात्र मनात म्हणत.

मार्च संपला त्या दिवशी प्रणाली त्यांच्या जिनिंगच्या कारखान्यावर कापसाचा साठा पाहायला गेली. बँकेने भगवंतरावांना कर्ज दिलं होतं ते आवारातल्या कापसावर. कापूस जितका, कर्ज तितकं. आणि कापूस खरंच आहे, याला साक्ष प्रणालीच्या सहीची.

भगवंतरावांनी कूलर तिच्याकडे वळवला, संत्र्याचा रस मागवला आणि कागद पुढे सरकवला.

"बस वं बेटा. ऊन केवढं तापून राहिलं! त्या पाह्य कापसाच्या दोन गंज्या, खिडकीतूनच दिसतात. मोजमाप मी लिहून ठेवलं. तू फक्त सही कर."

प्रणालीने रस पिता पिता खिडकीतून पाहिलं. लहान गंजी कापसाची असते तशी होती, अस्ताव्यस्त, एका अंगाने घसरलेली. मोठी मात्र चारी बाजूंनी सरळ, जशी काही तेल लावून भांग पाडून शाळेत निघाली होती.

"रस मस्त आहे काका. जरा जवळून पाहून येते."

"कापूस तो कापूस. त्यात काय पाहाचं?"

"लहानपणची हौस आहे."

यात खोटं काही नव्हतं. ज्यांच्या घरी कापूस येतो त्यांच्या घरची एक खोली वेचणीनंतर निम्म्याहून वर भरते, आणि पोरं माळ्यावरून तीत उड्या मारतात. मग अंगाला खाज सुटते आणि आईच्या हातचा मारही मिळतो. प्रणालीने हा अभ्यासक्रम सीएच्या फार आधी पूर्ण केला होता. कापसात माणूस किती रुततो, हे तिच्या पायांना पाठ होतं.

तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि मोठ्या गंजीला शिडी लावली. भगवंतराव धावत बाहेर आले.

"अवं, पडशीन! तुह्या बापाले काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी कामावर आहे."

वर चढून तिने उडी मारली. छातीपर्यंत जायला हवी होती, गेली गुडघ्यापर्यंत. आणि खालून आवाज आला, ठक!

"काका, कापूस वाजला."

"दाबून भरला ना, म्हनून."

प्रणालीने खांद्यापर्यंत हात खुपसला, जोर लावला आणि संत्री भरायचं एक निळं प्लास्टिकचं कॅरेट उपसून वर धरलं. त्यात वाळलेली संत्र्याची सालही होती.

"हे कापसाचं कोणतं वाण आहे काका? मी तर पहिल्यांदाच पाहून राहिली."

भगवंतराव शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. कापूस दिवाळीतच विकला होता आणि पैसा नागपूरच्या प्लॉटात गेला होता, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"पुढच्या सीझनले भरतो ना सगळा. कोनाचं काही बिघडते का? आन् तुह्यानं होत नसन तर तसं सांग. नागपूरले सीए लय आहेत. ते गंजीवर चढत नाहीत."

प्रणालीला एकदम मेडिकलवाला आठवला. भाड्याची आठवण तो 'तब्येत कशी आहे' असं विचारून करून देत असे. कॅरेट हातात जड वाटू लागलं. आता ते पुन्हा कापसात ढकललं तर कोणाला कळणार होतं? तिच्या पायांना, बस.

"सही करते की," ती म्हणाली. "फक्त वर लिहिते, अर्धा कापूस, अर्धे कॅरेट. बँकेला कॅरेट चालत असले तर माझं काही म्हणणं नाही."

गंजीवरून येणारा आवाज ऐकून मागच्या घरातून देवकाबाई आल्या. त्या भगवंतरावांच्या पत्नी, आणि कागदावर जिनिंगच्या अर्ध्या भागीदार. म्हणजे नवरा बोट ठेवील तिथे त्या सही करत.

"काय झालं वं?"

"काकू, तुमच्या गंजीत कॅरेट निघाले. या सगळ्या कागदांवर तुमचीही सही लागते, म्हणून सांगून राहिली."

देवकाबाईंना सहीचं काही वाटलं नाही. त्या कॅरेटकडेच बघत राहिल्या.

"हे तं माह्ये कॅरेट! मृग बहाराची संत्री मी लोकाइच्या कॅरेटात भरून पाठवली! मले म्हने, भाड्यानं दिले. अन् हे अथी कापूस पांघरून झोपले?"

"हळू बोल नं," भगवंतराव म्हणाले.

"आन् ते दुसरी गंजी? ते तरी खरी हाय का?"

"उडी मारल्याशिवाय कसं सांगू?" प्रणाली म्हणाली.

देवकाबाईंनी पदर खोचला. कोणी अडवायच्या आत त्या घसरलेल्या बाजूने लहान गंजीवर चढल्या आणि त्यांनी उडी घेतली. आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने नुसतं डोकं दिसलं, केसांत कापूस भरलेलं.

"हे खरी हाय!" डोकं ओरडलं. "पन मले काढा आता!"

काढायला भगवंतरावांनाच जावं लागलं. जोडीदारणीला कापसातून ओढता ओढता, तिच्या तोंडून जे ऐकावं लागलं ते ऐकून, बाहेर आल्यावर त्यांनी मुकाट्याने नवा कागद घेतला आणि होता तेवढाच कापूस लिहिला. बँकेने कर्ज कमी केलं, नागपूरचा प्लॉट विकायला निघाला. प्रणालीला फी मिळाली, पण कॅरेट उपसायची मजुरी कापून. तिने पावतीवर तसंच लिहून दिलं.

भगवंतरावांनी नागपूरचा सीए शोधलाही. पण त्याच्या नेमणुकीच्या कागदावर दुसऱ्या भागीदाराची सही लागत होती, आणि देवकाबाई आता सहीआधी वाचायला लागल्या होत्या.

"हा उडी मारते का?" त्यांनी विचारलं.

कागद तसाच राहिला.

यंदा मार्च लागताच प्रणालीला भगवंतरावांचा फोन आला. आवाजात साखर होती.

"कधी येतं वं बेटा? शिडी लावून ठेवतो ना. तारीख तेवढी सांग."

प्रणाली काही बोलणार, तेवढ्यात फोनमध्ये मागून देवकाबाईंचा आवाज घुसला.

"तारीख सांगू नोको वं, पोरी!"