अंडी, चढ आणि आमची आत्या

आत्याच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी ऑम्लेट मिळे. यात अगत्य होतंच, पण त्याहून जास्त टिचलेली अंडी होती. मी भाचा म्हणून हक्काने जायचो आणि परत येताना पोटावर हात ठेवून यायचो. आतोबा तर म्हणायचे, "लग्न केलं तेव्हा मी बारीक होतो रे. हिच्या धंद्याने मला आकार आला."

धंदा अंड्यांचा. घरामागे पोल्ट्री, दारात एक जुना ट्रक आणि गिऱ्हाईक डोंगरावर. वर बोगदा खणायचं काम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या कॅम्पला दर मंगळवारी आणि शनिवारी अंडी पोचवायचं काम आत्याने स्वतः जाऊन, बोलून, भांडून मिळवलं होतं. कोंबड्या आतोबांकडे, गाडी आत्याकडे. आतोबा मायाळू माणूस. कोंबडी आजारी पडली तर ते जेवत नसत आणि बरी झाली तर तिच्याशेजारी बसून जेवत.

कॅम्पचा रस्ता म्हणजे आधी डांबर, मग कोरड्या नदीचं पात्र आणि शेवटी सुट्या दगडांचा उभा चढ. चढ पार करायची आतोबांच्या घराण्याची एक रीत होती. पायथ्याशी थांबायचं, गाडी थोडी मागे घ्यायची, हॉर्न वाजवायचा आणि जी धाव घ्यायची ती माथ्यावरच थांबवायची. आतोबांच्या वडिलांनी असंच केलं, त्यांनी आतोबांना शिकवलं, आतोबांनी नव्या नवरीला शिकवलं. "चढाला घाबरलं की चढ अंगावर येतो," हे त्यातलं ब्रह्मवाक्य.

एका शनिवारी कॅम्पच्या स्वयंपाक्याने ट्रे उचलला तर खालून ओघळ लागला. त्याला सगळे वस्ताद म्हणत. त्याने बोटं पुसली आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, मी अंडी मागवतो. तुम्ही पातळ भाजी आणता."

"रस्ता बघितलात का वस्ताद?"

"रस्ता मी शिजवत नाही ना. हे बघा, दुसरा एक व्यापारी विचारून गेलाय. महिनाअखेरपर्यंत माल धड आला तर तुम्हीच. नाही तर राग मानू नका."

आत्याने राग मानला नाही. तिला धसका बसला. कॅम्प गेला तर ट्रक ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि ट्रक गेला की तिची जागा ठरलेली होती: धाकट्या दिराचं कापडाचं दुकान. लग्नानंतर ती काही वर्षं तिथे गल्ल्यावर बसली होती. दीर वाईट नव्हता. उलट फारच चांगला होता, आणि हीच अडचण होती. बातमी कळल्याबरोबर तो आला. म्हणाला, "वहिनी, कशाला उन्हातान्हात मरता? तुमची खुर्ची तशीच आहे. वर नवा पंखा लावलाय."

"भावजी, पंखा तुम्ही घ्या," आत्या म्हणाली. "पंख्याखाली माझं डोकं जास्त तापतं."

मग ती ट्रक घेऊन पान्हेबुवांकडे गेली. बुवांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्याबाहेर सांडलेलं उरलेलं गॅरेज. बुवांनी गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच बोलले, "दोन रस्ते आहेत. एक, खालचे हे स्प्रिंगचे पाटे काढून नवे मऊ पाटे टाकू, शॉकअप बदलू. गाडी पाळण्यासारखी चालेल. दुसरा, भंगारात याच जातीचा एक फोर-व्हील ट्रक आलाय. त्याचं पुढचं सगळं काढून तुमच्या गाडीला बसवू. म्हणजे पुढची चाकंही ओढायला लागतील."

"दोन्ही करा."

"दोन्ही करायला आधी गाडी विकावी लागेल."

घरात मतदान झालं. अंडी फुटतात, म्हणजे हादरे बसतात, म्हणजे पाटे बदला. आतोबा म्हणाले पाटे, दीर म्हणाला पाटे, मीही ऑम्लेटच्या तिसऱ्या घासाला पाटेच म्हणालो. आत्या एक टिचलेलं अंडं फिरवून बघत होती. ती असं काही बघायला लागली की आतोबा घाबरतात. म्हणाले, "काय शिजतंय?"

"पुढच्या खेपेला गाडी तुम्ही चालवा. मी मागे बसणार."

"मागे कुठे?"

"अंड्यांत."

आणि ती बसली. ट्रकच्या हौद्यात, ट्रेच्या थप्प्यांमधे, मांडीवर एक उघडा ट्रे घेऊन. डांबरावर काही झालं नाही. नदीच्या पात्रात गाडी डावीउजवीकडे अशी झुलली की आत्या दोन्ही बाजूंच्या थप्प्यांना टेकून आली, पण आतोबा तिथे सावकाश चालवत होते आणि मांडीवरचं एकही अंडं टिचलं नाही. मग चढ आला. गाडी थांबली. मागे गेली. हॉर्न वाजला. "धरून बस गं!" असं आतोबा ओरडले, पण कशाला धरायचं ते सांगितलं नाही.

पुढचं आत्याच्या तोंडून ऐकावं. "आधी ट्रे वर गेला आणि मी खाली राहिले. मग ट्रे खाली आला आणि मी वर गेले. मधे कुठेतरी आमची भेट झाली."

माथ्यावर आतोबा विजयी मुद्रेने मागे आले. "चढली की नाही एका दमात?"

आत्याच्या कपाळावरून पिवळा बलक नाकाकडे निघाला होता. "गाडी चढली," ती म्हणाली. "अंडी उतरली."

परतताना ती आतोबांना घेऊन सरळ गॅरेजवर गेली, तोंडही न धुता. "बुवा, फोर-व्हील बसवा."

बुवांनी तिच्या केसांकडे पाहिलं. "अहो वहिनी, एवढं होऊनसुद्धा?"

"एवढं झालं म्हणूनच. मला सांगा, चढाला आपण धाव का घेतो?"

"न घेऊन कसं चालेल? दगडांत मागची चाकं जागच्या जागी फिरतात. वेग नसला तर गाडी अडते."

"आणि पुढच्या चाकांनीही ओढलं तर?"

"तर काय, छोट्या गिअरमधे मुंगीच्या पावलांनी चढेल."

"मला मुंगीच पाहिजे."

आतोबांना हे लागलं. "मुंगी? माझ्या वडिलांनी आयुष्यभर हा चढ धावत काढला."

"मामंजी दगड वाहायचे हो! दगड फुटला तर दोन दगड होतात. अंडं फुटलं तर दोन अंडी होतात का?"

  पान्हेबुवा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "पाटे जुनेच राहणार हं. हादरा बसणारच. उद्या माझ्या नावाने बोंबलू नका."

"हादरा वेगाने बसतो, बुवा, आणि वेग माझ्या पायाखाली आहे. चुकलं तर गल्ल्यावर मी जाऊन बसेन, तुम्ही नाही. करा सुरू."

काम झालं. महिन्याची शेवटची खेप होती. पायथ्याशी आत्याने पुढच्या चाकांचा नवा दांडा ओढला, छोटा गिअर टाकला आणि गाडी मागे न घेता तशीच चढाला लावली. इंजिन कण्हत होतं, चाकं दगड चाचपत एकेक पकडत होती. निम्म्यावर पुढचं एक चाक घसरलं, गाडी तिरकी झाली, आणि शेजारी बसलेल्या आतोबांच्या अंगात सगळं घराणं संचारलं.

"दाब! अगं दाब ना!"

इतक्या वर्षांची सवय आत्याच्या पायालाही होतीच. पाय दाबायला निघाला होता. तिने दात ओठांवर दाबले, पाय नाही.

"ओरडायचं असेल तर खाली उतरून ओरडा. गाडी थांबवायचीही गरज नाही."

आतोबा खरंच उतरले. चालत्या गाडीतून, आरामात. दोन पावलं चालले आणि त्यांना एक मोठा दगड दिसला. तो त्यांनी बाजूला केला. मग दुसरा. असे ते गाडीच्या पुढे पुढे, कोंबड्यांना हाकतात तसे दगड हाकत माथ्यापर्यंत गेले, आणि मागून ट्रक शहाण्या म्हशीसारखा आला.

वस्तादने ट्रे एकेक करून उचलले, उजेडाला धरले, तळाला हात फिरवला. हात कोरडा. एका ट्रेच्या कोपऱ्यात थांबला. "हे एक टिचलंय."

"ते कोंबडीच्याच हातून पडलं असेल," आतोबा धापा टाकत म्हणाले.

वस्ताद हसला नाही. "माल चोख आहे. पण वहिनी, उशीर? नाश्ता कधीच आटोपला. माणसं कोरडा पाव चावून बोगद्यात गेली."

आत्याला हे सुचलंच नव्हतं. मुंगी उशिरा पोचते, हे मुंगी मागताना कुणाच्या लक्षात येतं?  तिने पदर खोचला.

"यापुढे आदल्या दुपारी आणीन. सोमवारी आणि शुक्रवारी. सकाळी तुम्ही चूल पेटवाल तेव्हा अंडी फळीवर असतील."

"कोंबड्या ऐकतील का नवं वेळापत्रक?"

"त्यांना हे समजावतील," आत्याने आतोबांकडे बोट दाखवलं.

वस्तादने ट्रे फळीवर सरकवला. "मग सोमवारी या. आणि जरा जास्त आणा, नवी टोळी येतेय. त्या दुसऱ्याला मी निरोप देतो."

आत्याने रिकामे ट्रे मोजूनबिजून काही घेतले नाहीत, नुसते हौद्यात रचले, दोरी आवळली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. दार उघडून म्हणाली, "चला, बसा. उतरतानाही सावकाशच जायचंय."

आतोबांनी चढाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि चप्पल नीट केली.

"तू ये," ते म्हणाले. "मी चालत पुढे होतो. घरी जाऊन चहा टाकतो."