उघड्या दाराकडे पाठ

कुलूपवाल्यानं चाळीस वर्षांत एक नियम कधी मोडला नव्हता. दार उघडलं की लगेच पाठ फिरवायची. आत काय आहे ते घरमालकानं बघायचं.

मुलीनं दोघांनी मिळून खेळायचा व्हिडिओ गेम आणला आणि जोडीदार म्हणून बापालाच धरून बसवलं. लढाईत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. राक्षस राहायचे बाजूला, ह्याची तलवार भिंतीवर चालायची. "बाबा, तुम्ही माझ्या मागे उभे राहा बरं," ती वैतागून म्हणायची.

मग सात चक्रांचं दगडी दार आलं. मुलीनं दोन दिवस डोकं लढवलं आणि शेवटी हात टेकले. कुलूपवाल्यानं रिमोट घेऊन डोळे मिटले. चक्र नेमक्या जागी बसलं की रिमोट तळहातात किंचित थरथरतो, हे त्याला पहिल्याच फेरीत कळलं. खरं कुलूपही असंच बोलतं. सातवं चक्र बसलं आणि दार सरकलं.

पलीकडे अख्खी दरी पसरली होती. ढगांच्या वर धबधबे, त्यांच्याही वर पांढरे पक्षी. मुलगी पडद्याजवळ सरकली.

पडद्यावरचा बापाचा गडी मात्र दाराकडे पाठ करून उभा.

"बाबा, दोघं आत गेल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही."

"तू हो पुढे. गेम तुझा."

"दार तुम्ही उघडलंत ना? मग बघा की."

त्याला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं गडी वळवला, एक पाऊल आत टाकलं आणि तिथंच थांबला. मागून राक्षस आले. मुलीनं त्यांना एकटीनं अडवून धरलं, पण बापाला हाक मारली नाही.