मेथीच्या जुड्यांवरची तालीम

अन्याय माझ्या मोठ्या आईवर झाला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या वहिनीवर. दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी साडेआठ वाजता, हिंगणीच्या बसथांब्यावर. आणि तो मी केला. दुसऱ्या कोणी केला असता तर एव्हाना मी त्याच्याविरुद्ध तीन पत्रकं काढली असती, तेव्हा स्वतःला सूट देणं बरं दिसत नाही.

आधी मोठी आई कशी आहे ते सांगते. भिंतीलाही गायला लावील अशी बाई वर्धा जिल्ह्यात दुसरी नाही. ती स्वतः गात नाही. तिचा आवाज गंजल्या बिजागरीसारखा आहे आणि हे ती अभिमानाने सांगते. भाजीचं शेत, त्याच्या कडेला टिनाचं शेड, आणि त्या शेडात दरवर्षी गावातल्या पोरापोरींचं एक संगीत नाटक उभं राहतं. यंदाच्या नाटकात रानडुकरं आणि माकडं गावावर खटला भरतात. उभं राहतं म्हटलं, पण पहिले पंधरा दिवस ते बसलेलंच असतं. पंधरा दिवस कोणाला वही नाही, भूमिका नाही, पेटी-तबल्याचं नावही नाही. हातात पडते ती मेथी. गोल करून बसायचं, तोंड मिटून चाल गुणगुणायची आणि जुड्या बांधायच्या. पहिल्या दोन मात्रांना मूठभर मेथी, तिसरीला सुतळी, चौथीला गाठ. मग मोठी आई एकेक जुडी उचलून डोळ्यांजवळ नेते आणि गायकाचा निकाल लावते. "तू पुढं पयून राह्यला बाबू. गानं काय एसटी आहे, सुटून जाईन?" मुलांची नावं तिला पाठ होत नाहीत, आवाज होतात. त्यामुळे शेडात एक पिपाणी आहे, एक मडकं आहे, आणि किराणा दुकानदाराची मुलगी आहे घागर. रानडुकराची भूमिका मागायला आलेल्या एका पोराला ती म्हणाली, "अगुदर डुकरावानी ऐकाले शीक. त्याचे कान पाह्यले का कधी?"

आता मी. मी पत्रकं लिहिते. तालमीच्या अकराव्या दिवशी शेडावरून जाताना मला बावीस मुलं मान खाली घालून मेथी बांधताना दिसली, आणि मी आत न जाता घरी जाऊन मथळा लिहिला: 'कलेच्या नावाखाली कोवळ्या हातांची लूट'. सोमवारी ते पत्रक बसथांब्यावर वाटलं. मंगळवारी तालमीला तीनच पोरं उरली. तिघांत खटला चालत नाही. एक वर्षही न चुकलेलं नाटक यंदा माझ्यामुळे बंद पडणार होतं. मोठी आई मला एवढंच म्हणाली, "कागद चांगला आहे वं तुह्या पत्रकाचा. सांबार बांधला, पानी सुटलं नाई." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

बुधवारी दिवस मावळताना मी दुसऱ्या पत्रकासाठी पुरावा गोळा करायला गेले. मोठी आई पोत्यावर एकटी बसली होती. त्या तीन पोरांनी बांधलेली एकेक जुडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

"काऊन सोडून राह्यली?"

"गिऱ्हाईक घेत नाई ना. पोट्ट्याईची गाठ ढिली. सेलूच्या बजारात जाईपर्यंत इस्कटते."

"रोज सोडते?"

"रोजच. बावीस होते तवा दिवा लावा लागे."

"मग त्यांना बांधायलाच कशाला देते?"

"हाताले काम असलं का पोट्टं लाजत नाई. लाजलं नाई का गाते. यात पत्रक काढाच्यासारखं काय आहे, पुढारीनबाई?"

पोरांची एक जुडी जरी तिने तशीच विकायला ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी माझं पत्रक चुकलं हे सांगत मी घरोघर फिरले. घागरीचे वडील गल्ल्यावरून म्हणाले, "बाई, सोमवारचं खरं का आजचं?"

"सोमवारचं मी रस्त्यावरून लिहिलं होतं."

"अन् हे?"

"हे उद्या चारला स्वतः येऊन पाहा."

आले. हाताची घडी घालून, पण आले. पोरांना घेऊन निम्मं गाव आलं. मोठ्या आईने या-बसा केलं नाही. सगळ्यांपुढे मेथी टाकली. "रिकाम्या हातानं माह्या शेडात कोनी बसत नाई." सोळावा दिवस होता, चालीला शब्द देण्याचा दिवस. ती बिजागरीच्या आवाजात एक ओळ नुसती बोलली आणि बावीस मिटलेली तोंडं एकदम उघडली. बावीस गाठी एका मात्रेवर पडल्या. वरचं टिन गुणगुणायला लागलं. घागर खटल्याची न्यायाधीश वाघीण होऊन गावाला शिक्षा सुनावू लागली तेव्हा तिच्या वडिलांची घडी सुटली होती. चौथ्या मात्रेला त्यांचीही गाठ पडत होती. मोठ्या आईने ती जुडी उचलली. "शेठ, पोरीपेक्षा तुमची ढिली आहे. उद्यापासून तुमी बी येजा."

दुसऱ्या दिवशी शेडात एकतीस जण होते. शेठ सध्या रानडुकरांत आहेत.

ज्यांचा आवाज मोकळा होतो ती मुलं दहावी झाली की वर्ध्याला, नागपूरला जातात. नव्या आवाजांसाठी ती पुन्हा मेथी पेरते. "माह्या वाट्याले दरसाली कच्चेच येते," म्हणते आणि थोडा वेळ रस्त्याकडे पाहत बसते.

म्हणून सरळ मागते. प्रयोगाला तुम्ही याल, टाळ्या वाजवाल, त्याचं मला अप्रूप नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारं मूल तुमच्या घरात असेल, तर ते सोमवारी चार वाजता हिंगणीच्या शेडात आणून बसवा. आणि पंधरा दिवस त्याला काहीही विचारू नका.